गोल्फ कोर्स नक्की कशाला म्हणायचं?

प्रश्न असा आहे: शहराबाहेर उभ्या राहणाऱ्या एका वसाहतीच्या माहितीपत्रकात ‘९ होलचा चॅम्पियनशिप गोल्फ कोर्स’ असं छापलंय आणि त्यापायी घरांचे भावही चढे लावलेत. गोल्फ कोर्स म्हणवून घ्यायला काही मापं, काही नियम असतात का? की हिरवळीवर चार झेंडे रोवले की झाला कोर्स?

माझी नोकरी गोल्फ कोर्सचं गवत सांभाळण्यात गेली. आधी पुण्यात, मग इतर ठिकाणी. खेळतो बेताचाच. त्यामुळे उत्तर गवताच्या बाजूने जरा जास्त येईल, ते चालवून घ्या.

मापं जवळजवळ नाहीत, रचना मात्र ठरलेली आहे. क्रिकेटची खेळपट्टी जगात कुठेही गेलात तरी २२ यार्ड. टेनिस, कबड्डी, खो-खो यांची मैदानंही टेप लावून आखलेली. गोल्फमध्ये असं पक्कं माप एकच, ज्या भोकात चेंडू घालायचा त्याचं. व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर, आणि खोली किमान ४ इंच. लांबी किती, वळण कुठे, झाडं किती, तळं ठेवायचं की नाही, हे सगळं त्या त्या जमिनीवर आणि आखणाऱ्यावर सोडलेलं. म्हणून जगातले दोन गोल्फ कोर्स एकसारखे नसतात.

मग रचना कसली? कोर्स म्हणजे ओळीने लावलेले ‘होल’. आणि इथेच नव्या माणसाचा गोंधळ होतो, कारण आम्ही होल हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. चेंडू जातो ते भोकही होल, आणि पहिला फटका मारायच्या जागेपासून त्या भोकापर्यंतचा अख्खा पट्टाही होल. ‘सातवा होल लांब आहे’ म्हणतो तेव्हा तो पट्टा, ‘होल आज मागे कापलाय’ म्हणतो तेव्हा ते भोक. हे पट्टे ठरलेल्या क्रमाने खेळायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

पार म्हणजे एक होल पुरा करायला चांगल्या खेळाडूला लागावेत असे धरलेले फटके. पुरुषांसाठी पार चार असलेला, ३८० यार्डांचा एक साधा होल घ्या. सुरुवात ‘टी’वरून. हा थोडा उंच, सपाट केलेला चौथरा. त्यावर दोन खुणा ठेवलेल्या असतात, त्यांच्या मधून आणि मागूनच मारायचं. पुढे आखूड कापलेल्या गवताची वाट, ती फेअरवे. तिच्या दोन्ही बाजूंना वाढू दिलेलं गवत, ते रफ. मध्ये कुठे वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर. कुठे ओढा किंवा तळं, त्याच्याभोवती लाल किंवा पिवळ्या खुंट्या. शेवटी गालिच्यासारखं दिसणारं ग्रीन आणि त्यात झेंडा लावलेलं भोक. चांगला खेळाडू दोन फटक्यांत ग्रीनवर येईल आणि तिथे दोनदा हलकेच ढकलून चेंडू भोकात घालेल, असा हिशेब. दोन अधिक दोन, पार चार.

इथे नियमपुस्तकातली एक गंमत सांगतो. स्कॉटलंडमधली आर अँड ए आणि अमेरिकेतली यूएसजीए या दोन संस्था मिळून गोल्फचे नियम ठरवतात. २०१९ पासून लागू झालेल्या नियमांत कोर्सचे पाच भाग मानलेत: ज्या होलची सुरुवात करताय त्याचा टी, ज्या होलवर खेळताय त्याचं ग्रीन, सगळे बंकर, सगळे पेनल्टी एरिया (म्हणजे लाल-पिवळ्या खुंट्यांनी दाखवलेल्या ओढ्या-तळ्यांसारख्या जागा) आणि उरलेला सगळा ‘सर्वसाधारण भाग’. फेअरवे आणि रफ यांना नियमांत वेगळी जागाच नाही, दोन्ही त्या उरलेल्यात जमा. टीव्हीवर समालोचक ज्या फरकावर अर्धा तास बोलतात तो नियमांच्या लेखी गवत कापणाऱ्याचा प्रश्न आहे. म्हणजे आमचा. आणि कोर्स म्हणजे काय याची नियमातली व्याख्या एवढीच, की समितीने ठरवलेल्या हद्दीच्या आतली सगळी खेळण्याची जागा. हद्द सहसा पांढऱ्या खुंट्यांनी दाखवतात. चेंडू त्यापलीकडे गेला की तो कोर्सवरच नाही.

आता १८ या आकड्याकडे. पूर्ण फेरी १८ होलची, हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यामागे काही शास्त्र असेल असं समजू नका. एडिंबरोजवळ लीथला, जिथे १७४४ मध्ये खेळाचे पहिले लेखी नियम झाले, तिथे पाचच होल होते. १८६० ची पहिली ओपन स्पर्धा प्रेस्टविकला झाली, तो कोर्स १२ होलचा. स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूजला फेरी २२ होलांची होती. १७६४ मध्ये तिथल्या मंडळींना सुरुवातीचे होल फारच आखूड वाटले म्हणून त्यांनी चाराचे दोन केले. जायची आणि यायची वाट एकच असल्याने दोन्हीकडून दोन-दोन कमी झाले आणि उरले १८. पुढे सेंट अँड्र्यूजचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला तसा हा आकडा जगभर गेला. त्या येण्याजाण्याची खूण आजही तिथे दिसते. ओल्ड कोर्सवर सात ग्रीन जोडग्रीन आहेत, एकाच ग्रीनवर दोन झेंडे. दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, अशा जोड्या. बेरीज दरवेळी १८. स्वतंत्र ग्रीन फक्त पहिल्या, नवव्या, सतराव्या आणि अठराव्याला.

तेव्हा ९ होलचा कोर्स हा पूर्ण इज्जतीचा कोर्स आहे, कमअस्सल नाही. पुष्कळ ठिकाणी तोच दोनदा खेळून १८ करतात, दुसऱ्या फेरीला टी बदलतात म्हणजे अंतरं आणि कोन बदलतात. प्रश्न ‘९ होल’चा नसून ‘चॅम्पियनशिप’चा आहे. या शब्दाला कसलीही अधिकृत व्याख्या नाही. कोणी तपासत नाही, कोणी प्रमाणपत्र देत नाही. बोलीभाषेत आम्ही तो साधारण १८ होल, पार ७० ते ७२ आणि मागच्या टीवरून ६,८०० ते ७,२०० यार्डांच्या कोर्सला वापरतो, जिथे मोठी स्पर्धा भरवता येईल. ९ होलपुढे तो लावणं म्हणजे बिल्डरची हौस.

पारचं गणित एकदा कळलं की कोर्सची इयत्ता कळते. पुरुषांसाठी साधारण २६० यार्डांपर्यंतचा होल पार तीनचा, तिथपासून ४९० च्या आसपासपर्यंत पार चार, त्यापुढे पार पाच. सीमा थोड्या एकमेकींवर चढतात. नेहमीच्या १८ होलच्या कोर्सवर चार होल पार तीनचे, चार पार पाचचे आणि दहा पार चारचे असतात. १२, २० आणि ४० मिळून ७२. सगळेच होल पार तीनचे असतील तर तो ‘पार थ्री कोर्स’. बहुतेक पार तीन आणि मध्ये काही आखूड पार चार असतील तर ‘एक्झिक्युटिव्ह कोर्स’. हे नाव भारदस्त वाटतं, पण याचा खरा अर्थ कामावर जायची घाई असलेल्यांसाठी आखूड कोर्स. पूर्ण लांबीच्या १८ होलला १२० ते २०० एकर जमीन लागते. पार थ्री कोर्स त्याच्या अगदी थोड्या भागात बसतो. तुम्हाला सांगितलेल्या जागेचे एकर विचारा, अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

आता गवत. माझ्या मते कोर्सचा कस ग्रीनवरच लागतो. पार ७२ मध्ये प्रत्येक ग्रीनवर दोन फटके धरलेले असतात, म्हणजे ३६, निम्मा खेळ. आणि एक ग्रीन साधारण ५०० चौरस मीटरचं धरलं तर अठरांचं मिळून क्षेत्र एक हेक्टरही भरत नाही. दीडशे एकरांतल्या या सव्वादोन एकरांवर निम्मा खेळ चालतो, आणि आमचा निम्म्याहून जास्त जीवही तिथेच अडकलेला असतो.

हे ग्रीन म्हणजे मातीवर उगवलेली हिरवळ नव्हे. खालचा पाया खोदून त्यात छिद्रांचे पाइप घालतात, वर १० सेंटिमीटर खडी आणि त्यावर ३० सेंटिमीटर वाळू. ही यूएसजीएची पद्धत, १९६० पासून चालत आलेली. वाळू वाटेल ती चालत नाही. निदान ६० टक्के दाणे पाव ते एक मिलिमीटरच्या दरम्यानचे हवेत. बारीक कण जास्त झाले तर ग्रीन पहिल्याच पावसाळ्यात चिखल होतं. सगळं मिळून तळाशी भोक असलेल्या एका प्रचंड कुंडीसारखं काम करतं. बारीक वाळूतलं पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, वाळू पुरती भिजली की मगच सुटतं. त्यामुळे धो धो पावसात निचरा होतो आणि मे महिन्यात मुळांपाशी ओल टिकते. हा पाया स्वस्तात उरकून वर हिरवळ अंथरली की पहिलं वर्ष फोटो छान येतात. दुसऱ्या जुलैत पाणी साचतं आणि मग आमच्यासारख्यांना फोन येतात.

गवत कुठलं? आपल्या हवेत बहुतेक ठिकाणी बर्म्युडा, म्हणजे आपली हरळी. हो, तीच, गणपतीला वाहतो ती दूर्वा. ग्रीनवर मात्र तिचा आफ्रिकेतल्या भाऊबंदाशी केलेला संकर असतो, टिफड्वार्फ किंवा टिफईगल अशा नावांचा. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनच्या संशोधन केंद्रातून हे वाण आले. त्यांना बी धरत नाही, कांड्यांनीच लावावे लागतात. आमच्याकडे कामाला येणारे बरेच जण आसपासच्या गावांतले शेतकरी. हरळी खणून काढण्यात त्यांची हयात गेलेली. इथे तीच हरळी खत-पाणी घालून जपायची म्हटल्यावर पहिला महिनाभर ते आमच्याकडे वेड्यांकडे पाहावं तसं पाहतात. मग हळूहळू पटतं, आणि त्यांच्याइतकी पक्की नजर दुसऱ्या कोणाची नसते. संकरित ग्रीनमध्ये गावठी हरळीचा एक धुमारा शिरला तर पर्यवेक्षकाआधी त्यांना दिसतो. लव्हाळ्याचं तर विचारूच नका. वरचं पातं उपटलं की खालच्या गाठी दुप्पट जोमाने फुटतात.

सकाळी कोर्स उघडण्याआधी काय चालतं ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. पहिला माणूस लांब बांबूने किंवा दोरीने ग्रीनवरचं दव झाडतो, कारण ओल्या पात्यावर बुरशी धरते. मग रील मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, फिरतो. घरगुती यंत्रासारखं फिरतं पातं नाही, कात्रीसारखा काप. उंची ३ ते ४ मिलिमीटर. फेअरवे १२ ते १५, रफ त्याहून कितीतरी मोठं. रोज दिशा बदलायची, नाहीतर गवत एकाच बाजूला झोपतं आणि चेंडू त्या बाजूला ओढला जातो. त्यानंतर भोक बदलायचं. होल कटर म्हणजे दोन मुठींचं, धारदार कडेचं नळकांडं. नवी जागा निवडायची, आसपास फूट-दोन फूट तरी उतार एकसारखा हवा. नळकांडं सरळ उभं धरून फिरवत दाबायचं, मातीचा अख्खा गोळा वर काढायचा. पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा कप त्या भोकात पृष्ठभागाच्या एक इंच तरी खाली बसवायचा. काढलेला गोळा कालच्या भोकात नेमका तेवढ्याच उंचीला बसवायचा, कडेने बोटांनी दाबून पाणी घालायचं. गोळा केसभर वर राहिला तर उद्याचा मोअर त्याचं डोकं उडवतो आणि तिथे आठवडाभर पिवळा डाग दिसतो. नवा माणूस कसा आहे हे मी या डागांवरून ओळखायचो.

ग्रीन किती ‘पळतं’ तेही मोजता येतं. एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकन गोल्फरने १९३५ मध्ये त्यासाठी एक साधी खाचेची पट्टी केली. तिच्या खाचेत चेंडू ठेवून पट्टी हळूहळू उचलायची, साधारण २० अंशांवर तो आपोआप सुटतो. पुढे किती फूट घरंगळला ते माप. सभासदांच्या रोजच्या खेळाला आठ-नऊ फूट पुष्कळ झालं. टीव्हीवरच्या स्पर्धा पाहून अकरा-बारा मागणारे सभासद प्रत्येक क्लबात असतात. एप्रिल-मेच्या उन्हात तितकं आखूड कापलं तर गवत जळतं, आणि मग तेच सभासद गवत का जळलं म्हणून विचारतात.

पावसाळा म्हणजे वेगळीच तऱ्हा. गवत तेव्हा सगळ्यात जोरात वाढतं आणि नेमकी तेव्हाच यंत्रं फेअरवेवर नेता येत नाहीत, चाकं रुततात. पहिल्या सरींनंतर हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात, पुढे अळ्या मुळं कुरतडतात आणि हिरवळ चटईसारखी हाताने उचलता येते. लष्करी अळी आली तर एका रात्रीत पट्टाच्या पट्टा भुरा होतो. ऊसवाल्या शेतकऱ्याला जे शत्रू तेच आम्हाला.

पाण्याचं विचारलंत नाही, पण विचारायला हवं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. उन्हाळ्यात हरळीला दिवसाला ५ मिलिमीटरच्या आसपास लागतं असं धरा. २० हेक्टर भिजवायचे झाले तर रोजचे १० लाख लिटर. हे पाणी पिण्याच्या नळातून किंवा गावाच्या विहिरीतून येत असेल तर भांडण आज ना उद्या ठरलेलं, आणि त्यात गावकऱ्यांची बाजू बरोबर असते. सांडपाणी शुद्ध करून वापरणं हाच सरळ मार्ग. त्या पाण्यातले क्षार सोसणारं सीशोअर पास्पॅलम हे गवतही मिळतं. कितीही हिरवीगार चित्रं दाखवली तरी सांडपाणी प्रकल्पाची क्षमता आकड्यात विचारा.

शब्दाच्या वापराबद्दल थोडं. गोल्फ कोर्स म्हणजे जमीन, गोल्फ क्लब म्हणजे संस्था. क्लबाशिवाय कोर्स असतो, कोर्सशिवाय क्लब असतो. सिडकोने खारघरला डोंगरांच्या पायथ्याशी केलेला कोर्स पैसे भरून कोणालाही खेळता येतो. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, १९२७ चा, सभासदांचा. ड्रायव्हिंग रेंज म्हणजे एका जागी उभं राहून चेंडू मारण्याचा सराव, तो कोर्स नव्हे. मिनी गोल्फ तर खेळच वेगळा. ‘लिंक्स’ हा शब्द हल्ली कुठल्याही प्रकल्पाला लावतात, पण खरा लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधल्या वाळूच्या उंचवट्यांवरचा, वाऱ्याला उघडा, जवळजवळ बिनझाडांचा कोर्स. सह्याद्रीच्या उतारावर तो होऊ शकत नाही.

आपल्याकडे लोक ‘गोल्फ ग्राउंड’ किंवा ‘गोल्फ मैदान’ही म्हणतात आणि त्यात बिघडत काही नाही. नाव कधीकधी खेळ गेल्यावरही मागे उरतं. नाशिकचं गोल्फ क्लब मैदान, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, तिथे रणजीचे सामने होतात, सभा होतात, सकाळी लोक फिरतात, गोल्फ सोडून सगळं. पुण्यात येरवड्याच्या गोल्फ क्लब चौकात रिक्षावाला बरोबर सोडतो, त्याने आयुष्यात झेंडा पाहिलेला नसला तरी. कोर्सवरची भाषाही अशीच मिसळलेली. चेंडू कुठे पडतोय ते पाहायला पुढे पाठवलेल्या कॅडीला, म्हणजे खेळाडूच्या मदतनिसाला, भारतभर ‘आगेवाला’च म्हणतात. आणि जुन्या लष्करी छावण्यांच्या कोरड्या कोर्सवर ग्रीनऐवजी तेल शिंपडून दाबलेल्या वाळूचं ‘ब्राऊन’ असायचं. हिरवळीचा पत्ता नाही, तरी तो गोल्फ कोर्सच होता, कारण टी, हद्द, क्रम आणि भोक सगळं जागच्या जागी होतं.

आता तुमच्या माहितीपत्रकाकडे. त्यांच्याकडे स्कोअरकार्ड मागा. खऱ्या कोर्सचं छापील कार्ड असतंच: प्रत्येक होलचा क्रमांक, प्रत्येक टीवरून यार्ड, पार आणि अवघडपणाचा क्रम. कोर्स अजून व्हायचा असेल तर होलनिहाय यार्ड दाखवणारा आराखडा मागा. ‘गोल्फ थीम’ आणि ‘गोल्फ व्ह्यू’ हे शब्द बाजूला ठेवा, खिडकीतून शेजारचा कोर्स दिसणं वेगळं आणि त्यावर खेळायचा हक्क असणं वेगळं. जमीन कोणाच्या नावावर राहणार, देखभालीचा खर्च रहिवाशांच्या माथी पडणार का, खेळण्याचा हक्क घराबरोबर मिळतो की वेगळी सभासद-वर्गणी आहे, हे करारात पाहा. कोर्स तयार असेल तर जुलैअखेर, मोठ्या पावसानंतर दुसऱ्या सकाळी जाऊन ग्रीनवर उभे राहा. बुटाखाली पाणी पिचकलं तर पाया घातलेला नाही.

आणि आखूड कोर्सवर अधिकृत हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची कुवत दाखवणारा आकडा, मिळतं का, हेही ओघाने येईलच. मिळू शकतं. जागतिक हँडिकॅप पद्धतीत ९ होलचे स्कोअर चालतात, फक्त त्या कोर्सचं रीतसर रेटिंग, म्हणजे तो किती अवघड याचं मोजमाप, झालेलं हवं, आणि भारतात ही व्यवस्था इंडियन गोल्फ युनियनकडे आहे. २०२४ पासून लांबीची अटही सैल झाली. आता ९ होल मिळून ७५० यार्ड भरले तरी रेटिंग होऊ शकतं, म्हणजे पार थ्री कोर्सही त्यात बसतात. तेव्हा ‘चॅम्पियनशिप’ आहे का हे विचारण्यापेक्षा रेटिंग झालंय का, आणि नसेल तर कधी करणार, हे लेखी विचारा.